पिवळी स्कूटर आणि चार ट्रॅक

माझी मावशी सावंतवाडीला घरी कोकमाचं आगळ आणि कुळथाचं पीठ करून विकते, म्हणजे करणार तीच, बाटल्या धुणार तीच, लेबलावर पेनाने तारीख घालणार तीच आणि सकाळी स्कूटीवर पायाशी दोन पिशव्या ठेवून दुकानं फिरणार पण तीच. दुकानदाराचं वाक्य ठरलेलं, "ठेवून जा, खपलं की बघू." गणपतीत गेलो होतो तेव्हा तिच्या मागे बसून अशी सहा-सात दुकानं फिरलो आणि तिसऱ्या की चौथ्या दुकानाबाहेर उभा असताना मला एकदम गोव्याचा गायक रेमो फर्नांडिस आठवला. हसू नका, कनेक्शन आहे.

आपल्याकडे रेमो म्हटलं की 'हम्मा हम्मा'. १९९५ चा 'बॉम्बे', रहमानचं संगीत, आणि मग तीन वर्षांनी 'प्यार तो होना ही था'. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कुणीतरी एक काका घसा खरवडून ते म्हणणारच आणि समोर तमाम आत्या-काकू हसणार. मीपण बरीच वर्षं असंच समजायचो की पिक्चरात गोव्याचा फील पाहिजे असला की या माणसाला बोलावतात, दोन कडवी गाऊन घेतात, संपलं. मग एकदा म्हापशाच्या मित्राच्या गाडीत त्याचा 'गोअन क्रेझी' अल्बम ऐकला आणि जरा ओशाळलोच, कारण हा माणूस 'हम्मा'च्या दहा वर्षं आधीच स्वतःचं सगळं करून बसला होता आणि आपल्याला पत्ताच नव्हता.

आता हे बघा. माणूस गोव्यातल्या शिवोलीचा, जन्म १९५३ चा, म्हणजे गोवा मुक्त झाला तेव्हा आठ वर्षांचा. मुंबईला येऊन आर्किटेक्ट झाला आणि मग ते सगळं सोडून गिटार घेऊन युरोप, उत्तर आफ्रिका असं लोकांच्या गाड्यांना हात दाखवत फिरला. परत आल्यावर गाणी लिहिली ती इंग्लिशमध्ये, गोव्याबद्दल. मुंबईच्या कंपन्या काही घेईनात. साहजिक आहे म्हणा, तेव्हा बाजार पिक्चरच्या गाण्यांचा, त्यात भारतातल्या माणसाने इंग्लिशमध्ये स्वतः लिहिलेली गाणी, ती घेणार कोण. मग १९८४ मध्ये त्याने अख्खा अल्बम घरी केला, तोच 'गोअन क्रेझी'. शब्द त्याचे, चाली त्याच्या, वाद्यं त्याने वाजवली, कव्हर त्याने केलं आणि कॅसेटी पिवळ्या स्कूटरवर घालून गोवाभर दुकानांत नेऊन दिल्या. त्यानेच!

पण मला स्कूटरपेक्षा आवडतो तो त्याचा चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर. कॅसेट माहितेय ना, तीच, जिच्या भोकात पेन्सिल घालून आपण रीळ गुंडाळायचो. तिच्या पट्टीवर खरं तर चार रेघा असतात, दोन ए साईडच्या, दोन बी साईडच्या. हे मशीन चारही रेघा एकाच दिशेने वापरतं, म्हणजे एका रेघेवर गिटार, दुसरीवर बेस, तिसरीवर ताल. झाल्या तीन. आता बासरी, आवाज, कोरस कुठे घालायचा? तर त्या तिन्ही रेघा एकत्र करून चौथीवर उतरवायच्या आणि पहिल्या तीन मोकळ्या करून त्यावर पुढचं भरायचं. ऐकायला सोपं वाटतं पण गंमत (की छळ) अशी की एकदा ते एकत्र उतरवून मूळ रेघांवर दुसरं काही भरलं की परत वेगळं करता येत नाही. नंतर वाटलं बेस जरा जास्त झाला, तर झाला, आमटीभात कालवल्यावर आमटी वेगळी काढून दाखवा. शिवाय प्रत्येक वेळी उतरवताना पट्टीची ती सूंऽऽ खरखर वाढते ती वेगळीच. म्हणजे पुढे काय काय येणार ते सगळं आधीच डोक्यात वाजत असायला पाहिजे. आर्किटेक्चर शिकल्याचा फायदा इथेच झाला असणार असं माझं आपलं मत, पाया घालतानाच गच्चीचं वजन धरायचं.

पुढच्याच वर्षी गोव्याच्या जुन्या गाण्यांचा अल्बम, मग श्याम बेनेगलांच्या 'त्रिकाल' पिक्चरमध्ये गाणी, १९८७ ला 'जलवा' पिक्चरमध्ये. मधे राजीव गांधी पंतप्रधान म्हणून गोव्यात आलेले तर त्यांच्यासमोर उभं राहून त्यांनाच उद्देशून लिहिलेलं गाणं म्हटलं, गोव्यात काय काय बिनसलंय ते ऐकवणारं. पेपरात टीका झाली, पण गांधींनी स्वतः कळवलं की आवडलं. आज कुणी असं गाणं म्हणेल का आणि म्हटलं तर पुढे काय होईल, जाऊ दे. २००७ ला पद्मश्री मिळाली.

हिंदी पिक्चरनी त्याला नाव दिलं हे खरंच आहे, शिवोलीच्या बाहेर सगळीकडे तो त्यामुळेच पोचला. पण त्या गाण्यांमध्ये तो दुसऱ्याच्या चालीवर दुसऱ्याचे शब्द गातो, आणि भारी गातो, त्याच्या त्या हिंदी उच्चारांसकट, पण घरच्या कॅसेटमधला जो खट्याळपणा आहे, शेजाऱ्याची उणीदुणी काढत काढत स्वतःचीपण काढायची, तो तिथे सापडत नाही. मला विचाराल तर खरखरवाला रेमो जास्त आवडतो. मित्र म्हणतो हे तुझं पुणेरी झालं, जे कमी लोकांना माहीत तेच ग्रेट. असेल.

हे सगळं मी त्या दिवशी मावशीला स्कूटीवर मागून ओरडून ओरडून सांगत होतो, बाजारातला ट्रॅफिक, त्यात ती हेल्मेट घालून, तिला अर्धं तरी ऐकू आलं की नाही देव जाणे. पुढच्या दुकानाशी तिने स्कूटी स्टँडवर लावली, पर्समधून उधारीची वही काढली, पान शोधता शोधता म्हणाली,

"आणि त्या दुकानदारांनी पैशे वेळेर दिल्यानी काय रे तेका?"