सत्तेचाळीस व्होल्ट गेले कुठे?

तक्रार अशी होती: गीझरचं पाणी तापायला नेहमीच्या दीडपट वेळ लागतो आणि गीझर लावला की पंखा मंदावतो. चिपळूणजवळचं कौलारू घर, सिंगल फेज कनेक्शन. आधी येऊन गेलेल्या वायरमनने गीझरचा एलिमेंट बदलला, मग थर्मोस्टॅट, शेवटी १६ अँपिअरची एमसीबी (करंट प्रमाणाबाहेर गेला की आपोआप बंद पडणारा स्विच). उपयोग शून्य. ‘लाइनच लो येते, स्टॅबिलायझर घ्या’ असं सांगून तो गेला होता.

डीबीवर, म्हणजे घरातल्या एमसीबींच्या पेटीवर, मल्टिमीटर लावला तर २३२ व्होल्ट. बहुतेक जण इथेच फसतात. मीटरचा आतला रोध साधारण १ कोटी ओम, म्हणजे तो ओढतो जेमतेम २३ मायक्रोअँपिअर. एवढ्याशा करंटला वाटेत सडलेला जॉइंट असला काय नि नसला काय, व्होल्टेज पूर्णच दिसणार. तपासायचं ते लोड चालू असताना.

बाकी सगळं बंद करून एकटा गीझर लावला. प्लेटवर २३० व्होल्ट, २००० वॉट, म्हणजे एलिमेंट सुमारे २६.४ ओमचा. मेन स्विचवर २३१ व्होल्ट, डीबीवर १८४, क्लॅम्प मीटरवर (तारेभोवती अडकवून करंट मोजणारं मीटर) ७ अँपिअर. १८४ भागिले २६.४, बरोबर सातच येतात. म्हणजे गीझर निर्दोष. लाइनही लो नाही, कारण मेन स्विचवर २३१ आहेत. ४७ व्होल्ट गायब झाले ते या दोन ठिकाणांच्या मध्ये, वीस मीटर वायरीत.

वायर एवढे खाऊ शकते का? ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, जाऊन-येऊन ४० मीटर, रोध ०.१८ ओम. सात अँपिअरला सव्वा व्होल्ट. उरलेले पंचेचाळीस-सेहेचाळीस कुठल्या तरी एका जागी पडत होते. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ किर्खॉफने १८४५ मध्ये मांडलेला नियम हाच: फेरीतले सगळे व्होल्टेज-ड्रॉप मिळून पुरवठ्याइतकेच भरले पाहिजेत. हिशोब जुळत नसेल तर वाटेत न मोजलेला एक रोध लपलेला आहे.

आता तो फेजवर की न्यूट्रलवर? अर्थिंग ठणठणीत असल्याची खात्री केली आणि गीझर चालू ठेवूनच डीबीवर मोजलं. फेज ते अर्थ २३०, न्यूट्रल ते अर्थ ४६. फेज जवळजवळ पूर्ण येतोय, म्हणजे तो निर्दोष सुटला. सेहेचाळीसला सातने भागलं की साडेसहा ओम, न्यूट्रलमध्ये.

मेन बंद करून पडवीतली जॉइंट बॉक्स उघडली. मेन स्विचकडून आलेला अ‍ॅल्युमिनियमचा जुना तुकडा आणि डीबीकडे जाणारं तांबं, एकमेकांना पीळ देऊन वर टेप. टेप जळून कडक, तार काळी, तांब्यावर हिरवट भुकटी. अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चटकन धरतो आणि तो करंट अडवतो; कोकणातल्या दमट हवेत दोन धातूंच्या जोडावर गंज वेगाने चढतो; वर तापणं-निवणं चालू असलं की पीळ सैल होत जातो. रोध वाढला की उष्णता वाढते, उष्णतेने रोध आणखी वाढतो. ४६ गुणिले ७, म्हणजे ३२० वॉट त्या टेपच्या आत. सोल्डरिंगची इस्त्री असते २५ वॉटची!

एमसीबी का पडली नाही, हा प्रश्न घरमालकांनी विचारलाच. ती पडते जास्त करंटला, इथे करंट उलट कमी झाला होता. आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असती तरी गप्पच बसली असती, कारण फेजने गेलेला करंट पूर्णच्या पूर्ण न्यूट्रलने परत येत होता, फक्त अडखळत. दिव्यांवरूनही कळलं नसतं; बहुतेक एलईडीचे ड्रायव्हर (दिव्यातलं करंट सांभाळणारं सर्किट) १८४ व्होल्टलाही जवळजवळ तितकाच उजेड देतात. पूर्वीच्या पिवळ्या बल्बने पहिल्याच दिवशी चुगली केली असती.

हाच जॉइंट पुढे पूर्ण तुटला असता, तर लोड चालू असताना सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटला असता. लोक त्याला ‘दोन फेज आले’ म्हणतात. प्रत्यक्षात फेजच गीझरमधून फिरून न्यूट्रलच्या तारेवर येऊन थांबलेला असतो. त्या तारेला ‘न्यूट्रल आहे’ म्हणून हात लावणं जिवावर बेतू शकतं.

काळी पडलेली वीतभर तार कापून टाकली, अ‍ॅल्युमिनियमचा तुकडाच काढून मेन स्विचपर्यंत सलग तांबं ओढलं. फेजवरही तसाच अ‍ॅल्युमिनियमचा जोड होता; तो अजून बिघडला नव्हता, तरी तोही बदलला. पुन्हा गीझर: डीबीवर २२९ व्होल्ट, न्यूट्रल ते अर्थ एक व्होल्टच्या आत, करंट ७ वरून ८.७ वर.

निघताना बादलीत टाकलेला जुना एलिमेंट मीटरवर घेतला. २६ ओम. तोही चांगलाच होता.