गुडघे टेकलेले दोन मारेकरी: वाचननोंद, तिसरा महिना

नोह, म्हणजे जपानचं जुनं मुखवट्यांचं नृत्यनाट्य, आणि शेक्सपिअरच्या काळातलं इंग्रजी नाटक यांची सरसकट तुलना करायची नाही, महिन्याला एकच जोडी घ्यायची, असं ठरवलं आहे. या महिन्यात नोह नाटककार झेआमीचं 'आत्सुमोरी' आणि शेक्सपिअरचं 'हॅम्लेट'. दोन्हींत भूत आहे म्हणून निवडली होती. तिसऱ्या वाचनात लक्ष भुतावरून मारेकऱ्याकडे गेलं आणि तिथेच राहिलं.

'आत्सुमोरी' छोटं आहे, एका बैठकीत दोनदा वाचून होतं. ११८४ सालच्या इचिनोतानीच्या लढाईत कुमागाई नाओझानेनं तैरा घराण्यातल्या कोवळ्या आत्सुमोरीला मारलं. आपल्या मुलाच्याच वयाचं पोर. (भुताच्या मुखवट्याचं नावच 'जूरोकु', म्हणजे सोळा.) पुढे कुमागाई बौद्ध गुरू होनेनचा शिष्य झाला, रेन्सेई नावाचा भिक्षू. नाटक सुरू होतं तेव्हा तो सुमाच्या किनाऱ्यावर, ज्याला मारलं त्याच्यासाठीच प्रार्थना करायला आलेला असतो. गवत कापणाऱ्यांतला एक जण मागे थांबतो आणि दहा वेळा बुद्धाचं नाव घ्या म्हणतो. 'नामु अमिदा बुत्सु' मोठ्यानं म्हणून पाहिलं तेव्हा उलगडलं: हा आपला 'नमो' आणि आपलाच 'अमिताभ'. अंगावर काटा आला.

हा गवत कापणारा म्हणजेच आत्सुमोरीचं भूत. रात्री ते योद्ध्याच्या वेषात येतं, लढाई पुन्हा नाचून दाखवतं, शेवटी शत्रूवर तलवार उगारतं आणि थांबतं. आपण दोघं एकाच कमळावर जन्म घेऊ, तू माझा शत्रू नाहीस, माझ्यासाठी प्रार्थना कर. इथे नाटक संपतं.

नोहमधला 'वाकी', म्हणजे हा भिक्षू, मला आजवर नुसता ऐकणारा वाटायचा. मुखवटा नाही, बराच वेळ खांबापाशी बसून. आता वाटतं, नाटकातलं खरं काम तोच करतो. तो प्रार्थना करत बसला नसता तर ती तलवार खाली आली असती.

आता 'हॅम्लेट', तिसरा अंक, तिसरा प्रवेश. इथेही मारेकरी गुडघे टेकतो: क्लॉडियस, हॅम्लेटच्या बापाला मारून राजा झालेला त्याचा काका. पण खुनातून मिळालेलं राज्य आणि राणी सोडायची त्याची तयारी नाही. शब्द वर जातात, मन खालीच राहतं. मागे हॅम्लेट तलवार उपसून उभा, आणि तोही थांबतो! का, तर प्रार्थना करताना मारला तर हा स्वर्गात जाईल. पाप करताना गाठू. धर्मश्रद्धा दोन्हीकडे तितकीच खरी आहे. तिकडे तिनं वैर विझतं, इकडे त्याच श्रद्धेनं सूड मरणापलीकडे जातो. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं.

मग हॅम्लेटचा बाप, म्हणजे या नाटकातलं भूत, मुलाकडे प्रार्थना का मागत नाही? अंतिम संस्काराविना मेलो, पापं जळून जाईपर्यंत आगीत राहायचं आहे, असं तो स्वतःच सांगतो. जुन्या कॅथलिक रीतीत यावर उपाय होता: मृतासाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधला प्रार्थनाविधी. पण इंग्लंडमध्ये १५४७ च्या कायद्यानं त्यासाठीची देणगी-प्रार्थनागृहं बंद झाली, आणि एलिझाबेथ राणीच्या प्रोटेस्टंट चर्चनं शुद्धिस्थान (पर्गेटरी, मेल्यावर पापं जळून शुद्ध होण्याची जागा) ही कल्पनाच नाकारली. म्हणजे १६०० च्या आसपास ते भूत अशा जागेहून येतं जी अधिकृतपणे अस्तित्वातच नाही, आणि मुलगा शिकतो विटेनबर्गात, प्रोटेस्टंट पंथ सुरू करणाऱ्या ल्यूथरच्या गावात. प्रार्थना मागायची सोय उरलेली नाही, म्हणून तो सूड मागतो, असं माझं सध्याचं मत. हॅम्लेटची प्रेयसी ऑफेलिया हिच्या दफनाच्या वेळी पाद्री पूर्ण विधी नाकारतो, तो प्रसंगही मला याच ओळीत बसताना दिसतो.

पुढचं काम: आगरकरांचं 'विकारविलसित' (१८८३), म्हणजे 'हॅम्लेट'चं मराठी भाषांतर, मिळवून पहिल्या अंकातलं भुताचं बोलणं वाचायचं. त्या आगीच्या जागेला त्यांनी कोणता शब्द दिला ते पाहायचं आहे. 'शुद्धिस्थान' मला कोरडा वाटतो, आणि 'यातनालोक' म्हटलं की शुद्धी हरवते.