पहाटे तीनचं पोटॅशियम

रात्रपाळी संपली. डोळे मिटायच्या आत एवढं उतरवून ठेवायला हवं.

डॉक्टरकीच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या पहिल्या वर्षी मोठी निदानं सीनियर करतात. आपल्या वाट्याला येतात त्या नळ्या, लेबलं, फॉर्म आणि फोन. बहुतेक घोळही तिथेच होतात.

पहाटे तीनला लॅबमधून फोन येतो: पोटॅशियम ७.१, म्हणजे हृदयाला धोका होईल इतकं जास्त. आधी पेशंटपाशी जायचं, ईसीजी काढायचा. त्यात टी लहरी उंच, टोकदार किंवा क्यूआरएस (ठोक्याचा मुख्य टोकदार भाग) रुंद दिसला, तर दुसऱ्या रिपोर्टसाठी थांबायचं नाही. सीनियरला उठवायचं (शिव्या पडल्या तरी), मॉनिटर लावायचा आणि कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून सुरू करायचं. त्याने हृदय सावरतं, पण पोटॅशियम तेवढंच राहतं. ते उतरवायला इन्सुलिन आणि ग्लुकोज. ईसीजी साधा आला म्हणूनही निर्धास्त होऊ नये. सलाईन नसलेल्या हातातून ताबडतोब नवं सॅम्पल घ्यायचं.

मग त्याच रिपोर्टमधलं कॅल्शियम बघायचं. पोटॅशियम आभाळाला आणि कॅल्शियम तळाला, असं असेल तर संशय जांभळ्या टोपणाच्या नळीवर. तिच्यात पोटॅशियमयुक्त ईडीटीए हे रसायन असतं. ते कॅल्शियमला धरून ठेवतं, म्हणून रक्त गोठत नाही. जांभळी आधी भरली, किंवा दुसरी कमी पडली म्हणून जांभळीतलं थोडं तिच्यात ओतलं, की संपलं: रिपोर्टमध्ये पोटॅशियम खोटंच चढतं, कॅल्शियम खोटंच उतरतं. पहिल्या महिन्यात हे ओतणं हमखास होतं, कारण पुन्हा टोचायला जीव होत नाही. नळ्या भरायचा क्रम असा: कल्चरची (जंतू तपासायची) बाटली, निळी, लाल किंवा पिवळी, हिरवी, जांभळी, करडी. निळी खुणेपर्यंतच भरायची, नऊ भाग रक्त आणि एक भाग सायट्रेट (तिच्यातलं रक्त गोठू न देणारं द्रव). कमी भरली तर रक्त गोठायचा वेळ उगाच लांबलेला दिसतो.

बारीक सुईतून जोर लावून ओढलं तरी पेशी फुटून पोटॅशियम चढतं. तेव्हा कॅल्शियम सहसा जागेवर असतं.

लेबल रक्त घेतल्यावर, खाटेपाशीच. इन्सुलिनच्या ऑर्डरीत ‘युनिट’ पूर्ण लिहायचं. नुसता इंग्रजी यू घाईत शून्यासारखा दिसतो आणि १० चे १०० होतात.

सकाळी पुढच्या पाळीला ओव्हर देताना (पेशंट सोपवताना) ‘पोटॅशियम रिपीट पाठवलंय’ एवढ्यावर सुटका नाही. किती वाजता पाठवलं, रिपोर्ट कोण बघणार, किती आलं तर काय करायचं, हे पेशंटच्या नावानिशी सांगायचं. खाटेचा नंबर दुपारपर्यंत बदललेला असतो.