दाढेतली चांदी आणि गरोदरपण: माझा अनुभव

चौथा महिना सुरू असताना माझ्या खालच्या दाढेत पूर्वी भरलेल्या चांदीचा कोपरा तुटला आणि घास त्या बाजूला गेला की कळ येऊ लागली. ज्या दवाखान्यात प्रथम दाखवले तेथे, चांदीतला पारा बाळाला घातक असल्याने तोंडातल्या तिन्ही जुन्या चांद्या लगेच काढून टाका, असे सांगण्यात आले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

भीती निराधार नव्हती. दातात भरायची ही ‘चांदी’ म्हणजे एक मिश्रण असते. ते चांदी, कथील आणि तांब्याची भुकटी पाऱ्यात कालवून करतात; त्यात वजनाने सुमारे निम्मा पारा असतो, चावताना त्याची अत्यल्प वाफ सुटते आणि पारा वारेतून गर्भापर्यंत पोहोचू शकतो. म्हणूनच युरोपीय संघाने जुलै 2018 पासून गरोदर व स्तनपान देणाऱ्या स्त्रियांच्या दातांत ते भरणे, अपवादात्मक वैद्यकीय गरज वगळता, बंद केले. अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही सप्टेंबर 2020 मध्ये गरोदर स्त्रियांसाठी ते शक्यतो टाळावे असे सांगितले. मात्र सुस्थितीत असलेली जुनी चांदी काढू नये, हेही त्याच सूचनेत आहे. कारण ती कोरून काढताना पाऱ्याची वाफ एरवीपेक्षा कितीतरी जास्त सुटते. मला दिलेला सल्ला नेमका याच्या उलट होता, आणि घाबरलेल्या गरोदर बाईला असा सल्ला इतक्या सहजपणे दिला जावा, याचे मला आजही वाईट वाटते.

माझ्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांशी बोलून मी दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात गेले. तेथील मॅडमनी आरसा व सळई घेऊन प्रत्येक दाढेची कड तपासली. दोन दाढांतली चांदी घट्ट होती. त्यांना हात लावायचा नाही, असे त्यांनी ठरवले. तिसऱ्या दाढेतही उरलेली चांदी पक्की असल्याने ती न कोरता फक्त तुटलेल्या जागेची कीड हातातल्या हत्याराने खरवडून काढली आणि तेथे ग्लास आयोनोमर सिमेंट भरले, ज्यात पारा नसतो. भूल देण्याची गरज पडली नाही. पण लागलीच तर लिग्नोकेन गरोदरपणात देता येते आणि दुखणारी दाढ प्रसूतीपर्यंत तशीच ठेवणे अधिक वाईट, हे त्यांनी मला समजावून सांगितले. खुर्ची पूर्ण आडवी न करता मला किंचित डाव्या कुशीवर ठेवले होते, त्यामुळे चक्कर आली नाही.

पुढे ती चांदी काढावीच लागली, तर शक्यतो स्तनपान संपल्यावर, रबराचा पडदा लावून, भरपूर पाणी आणि जोरदार सक्शन वापरून, भुगा न करता मोठ्या तुकड्यांत काढावी, असे त्यांनी माझ्या केसपेपरवर लिहून दिले.