छोट्या ट्रेलरच्या दोन टाक्या : पाणी कुठे सोडायचं, कुठे वाचवायचं

अमेरिकेत १६-१७ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर घेऊन राष्ट्रीय उद्यानांच्या सहलीला निघायचं ठरलं, की घरात चर्चा होते ती पलंग किती आहेत, शेगडी कशी आहे, आपल्या गाडीला ओढवेल का, याची. सांडपाण्याच्या टाक्यांचा विषय अगदी शेवटी निघतो, तोही नाक मुरडून. पण योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातल्या अपर पाइन्स कॅम्पग्राउंडसारख्या ठिकाणी, जिथे जागेवर नळ, वीज, गटार यांपैकी कसलीच जोडणी नसते, तिथे मुक्काम किती दिवस टिकणार हे या टाक्याच ठरवतात.

सांडपाण्याच्या टाक्या दोन असतात. संडासाचं सगळं ब्लॅक टँकमध्ये जातं. सिंक, बेसिन आणि शॉवरचं पाणी ग्रे टँकमध्ये. लहान ट्रेलरमध्ये ब्लॅक टँक साधारण १५ ते ३० गॅलनची असते आणि ग्रे २० ते ३५ची. एक गॅलन म्हणजे ३.८ लिटर. तीस गॅलनची ग्रे टाकी भरली की तिचं ओझं ११३ किलोच्या आसपास जातं, आणि टाकी ॲक्सलच्या पुढे आहे की मागे यावर हिचवर, म्हणजे गाडी आणि ट्रेलर जोडणाऱ्या सांध्यावर, पडणारा भार बदलतो. मागे टाकी असलेला ट्रेलर ती भरलेली ठेवून हायवेवर नेला तर हिच हलकी पडते आणि ट्रेलर डोलायला लागतो. म्हणून डंप स्टेशन, म्हणजे टाक्या रिकाम्या करायची ठरलेली जागा, जवळ असेल तर टाक्या रिकाम्या करूनच लांबच्या रस्त्याला लागावं.

नव्याने ट्रेलर वापरणारे बहुतेक जण पाण्याचा हिशोब उलटा करतात. संडासात पाणी जपून सोडतात आणि भांडी घासताना नळ मोकळा ठेवतात. ब्लॅक टँकला पाणी भरपूर लागतं आणि ग्रे टँकला थेंबाथेंबाने जपावं लागतं, एवढं डोक्यात बसलं की बाकीच्या बऱ्याच गोष्टी आपोआप सुटतात.

आधी ब्लॅक टँक. गावाकडच्या सेप्टिक टाकीचं चित्र मनात असेल तर ते बाजूला ठेवा. सेप्टिक टाकीत मैला महिनोन्‌महिने राहतो, कुजतो, वरचं पाणी शोषखड्ड्यात जातं. ट्रेलरची टाकी ही फक्त साठवण आहे, तीही चार-पाच दिवसांची. तेवढ्यात काही कुजून नाहीसं होत नाही. आत गेलेलं सगळं एका ३ इंची तोंडातून, निव्वळ उताराने बाहेर पडायचं असतं, आणि टाकीचा तळ तर जवळपास सपाट असतो. घन भाग पाण्यात तरंगत, ढवळत राहिला तरच तो पाण्याबरोबर निघतो. पाणी कमी पडलं की कमोडच्या बरोबर खाली ढिगारा साचतो, वाळतो आणि टणक होतो. मग टाकी अर्धी रिकामी असली तरी कमोडमधून खाली काही जात नाही.

हाच ढिगारा दुसऱ्या एका कारणानेही तयार होतो. पूर्ण हूकअपच्या जागी, म्हणजे जिथे गटाराची जोडणी जागेवरच असते तिथे, होज (सांडपाण्याची जाड नळी) लावून ब्लॅकचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवायचा मोह होतो. तसं केलं की पाणी लगेच वाहून जातं आणि मैला व कागद मागे राहतो. व्हॉल्व्ह बंदच ठेवावा, टाकी निदान दोन तृतीयांश भरू द्यावी आणि मगच एका दमात सोडावी. ग्रेचा व्हॉल्व्ह हूकअपवर उघडा ठेवला तर चालतं, पण निघायच्या आदल्या दिवशी तोही बंद करावा, म्हणजे होज धुवायला साबणाचं पाणी शिल्लक राहतं.

कमोडच्या पेडलला दोन टप्पे असतात. अर्धं दाबलं किंवा वर उचललं की नुसतं पाणी येतं, पूर्ण दाबलं की कमोडच्या तळाचं तोंड बंद करणारा गोळा सरकतो. संडासला बसण्याआधी कमोड निम्म्याच्या वर पाण्याने भरून घ्यावा आणि नंतर पेडल पाच-सहा सेकंद पूर्ण दाबून धरावं. आपल्याकडे टमरेल किंवा हँड शॉवर वापरायची सवय असते, ती इथे चक्क उपयोगी पडते. कागद कमी जातो आणि पाणी जास्त जातं, म्हणजे टाकीला हवं तेच मिळतं. फक्त टाकी लवकर भरते, हे गृहीत धरून चालावं. चार माणसांनी सगळं ट्रेलरमध्येच उरकलं, तर माणशी दिवसाला ९-१० लिटर सहज जातात आणि २० गॅलनची टाकी दोन दिवसांत काठाला येते. त्यावर पाणी कमी सोडणं हा उपाय करू नये. दिवसा कॅम्पग्राउंडचं स्वच्छतागृह वापरावं आणि ट्रेलरचा संडास रात्रीसाठी ठेवावा. अपर पाइन्सला हूकअप नसलं तरी फ्लशची स्वच्छतागृहं आहेत आणि डंप स्टेशनही आहे.

कागद कोणता चालेल हे पाकिटावरच्या दाव्यावरून ठरवू नका. झाकणाच्या काचेच्या बरणीत पाणी घ्या, चार तुकडे टाका, दहा-बारा वेळा हलवा. पाणी ताकासारखं गढूळ झालं आणि कागदाचे तंतू सुटे झाले तर चालेल. कागदाचा पापुद्रा अख्खा तरंगत राहिला तर तो टाकीतही तसाच राहणार. ओले वाइप्स, मग त्यांवर ‘फ्लशेबल’ लिहिलेलं असलं तरी, अजिबात नकोत. ते व्हॉल्व्हच्या पात्यात अडकतात.

टाकीत घालायच्या औषधाबद्दल थोडं. दुकानात निळी, हिरवी, पावडरची, पुडीची अशी डझनभर मिळतात. फॉर्माल्डिहाइडची घेऊ नयेत. ती वास मारतात, पण सोबत जिवाणूही मारतात, आणि बऱ्याच डंप स्टेशनांखाली सेप्टिकच असतं. एन्झाइम किंवा जिवाणूंचं घ्यावं, आणि तेही घेतलं तर त्याच टाकीत ब्लीच ओतू नये. पण औषधाची खरी गरज पाण्याच्या खालोखालच येते. बर्फाचे खडे टाकून गाडी हलवली की टाकी घासली जाते, असं बरेच जण सांगतात. बर्फ पाण्यावर तरंगतो आणि विरघळतो, तळाला चिकटलेलं तो खरवडत नाही. आत ढिगारा झालाच असेल, तर टाकी तीन-चतुर्थांश पाण्याने भरावी, एन्झाइम टाकावं, २४ ते ७२ तास भिजू द्यावं, शक्य असल्यास थोडं अंतर चालवावं आणि मग सोडावं. दोन-तीनदा करावं लागतं.

आता ग्रे टँक. लहान ट्रेलरमध्ये आधी भरते ती हीच. शॉवरमधून मिनिटाला २ गॅलन पाणी येतं असं धरलं, तर पाच मिनिटांच्या एका आंघोळीत १० गॅलन गेले. अंग भिजवायचं, नळ बंद, साबण, परत नळ, असं केलं तर दोन गॅलनमध्ये भागतं. बादली-मगाची सवय असलेल्यांना हे जडही जात नाही.

स्वयंपाकघर मात्र आपल्या लोकांना नडतं. फोडणीचं तेल, डाळीचा साका, भाताची शितं, कढीपत्ता, मोहरी, चहाचा चोथा, हे सगळं घरच्या सिंकमध्ये नकळत जात असतं. इथे ते टाकीत जाऊन बसतं. तेल थंड होऊन टाकीच्या भिंतींना आणि ती किती भरली ते सांगणाऱ्या सेन्सरला चिकटतं, शितं आंबतात, आणि तीन दिवसांनी उन्हात उभ्या ट्रेलरला जो घाण वास येतो तो बहुतेक वेळा ब्लॅकचा नसून ग्रेचाच असतो. म्हणून भांडं पाण्याखाली धरायच्या आधी पुसायचं. कढई कोमट असतानाच कागदी टॉवेलने तळापासून कडेपर्यंत एकदा फिरवून घ्यायची. कागदावर पिवळा तेलकट डाग, दोन-चार मोहऱ्या आणि काळपट कांद्याची कड उतरते, आणि मग ती अर्ध्या लिटर पाण्यातही स्वच्छ होते. तो कागद कचऱ्यात. सिंकच्या तोंडाला बारीक स्टीलची जाळी बसवावी, चहाची गाळणी थेट कचऱ्याच्या पिशवीवर झटकावी. भांडी दोन टबांत घासावीत, एक साबणाचा, एक खळखळून काढायचा. कॅम्पग्राउंडमध्ये सांडपाण्यासाठी सिंक ठेवलेलं असेल तर टब तिथे रिकामा करता येतो. जमिनीवर ओतू नये. राष्ट्रीय उद्यानांत ग्रे पाणीही जमिनीवर सोडायला बंदी आहे, आणि अस्वलांच्या भागात भाताच्या शितांचा वास हे निमंत्रणच असतं.

ग्रे टाकी भरली की पाणी वर यायला लागतं ते सर्वांत खालच्या तोंडातून, म्हणजे शॉवरच्या तळातून. सिंकमध्ये भांडी घासताना शॉवरच्या जाळीभोवती करडं, फेसाळ पाणी गोल करून उभं राहिलेलं दिसलं, की नळ तिथेच बंद करायचा. पॅनेलवरच्या दिव्यांवर भरवसा ठेवू नका. टाकीच्या भिंतीतल्या खिळ्यासारख्या सेन्सरवर कागद किंवा तेल चिकटलं, की रिकामी टाकीही दोन तृतीयांश भरलेली दाखवते. टाकीला बाहेरून चिकटवायचे सेन्सर मिळतात, ते जास्त खरे असतात. नाहीतर ब्लॅकमध्ये पेडल दाबून टॉर्चने बघावं, आणि ग्रेसाठी पिण्याच्या पाण्याच्या टाकीतून किती पाणी गेलं याचा हिशोब ठेवावा. गेलेलं पाणी या दोहोंपैकी कुठेतरीच आहे.

डंप स्टेशनवर घाई करू नये, मागे रांग असली तरी. हातमोजे घाला. दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत ना हे आधी दांडे आत ढकलून बघा, आउटलेटखाली बादली ठेवा आणि मगच टोपण काढा. पात्यात कागद अडकला असेल तर टोपणामागे साचलेलं बादलीत पडेल, बुटांवर पडणार नाही. होजचं टोक आधी जमिनीतल्या तोंडात घट्ट बसवा, मग दुसरं ट्रेलरला. होजच्या टोकाचे अडकवायचे आकडे बसल्यावर एकदा ओढून बघा, अर्धवट बसलेला आकडा सगळा जोर आला की सुटतो. ट्रेलरच्या बाजूला पारदर्शक एल्बो (काटकोनात वळलेला जोड) वापरा, दहा-पंधरा डॉलरची ही सर्वांत उपयोगी वस्तू आहे.

पहिल्यांदा ब्लॅक. दांडा एका झटक्यात पूर्ण ओढा, कारण अर्धवट उघडलेल्या व्हॉल्व्हमधून पाणी पुढे जातं आणि घन भाग मागे राहतो. एल्बोत आधी गडद तपकिरी लोंढा दिसतो, मग तो पातळ होतो, मग मधूनमधून गुळगुळ असा आवाज येऊन एक घट्ट लाट येते. ती येऊन जाईपर्यंत थांबा. धार बारीक झाली की व्हॉल्व्ह बंद करून कमोडमधून दोन-तीन बादल्या पाणी ओता आणि पुन्हा सोडा. एल्बोतलं पाणी फिकट चहासारखं होईपर्यंत हे करायचं. ट्रेलरला ब्लॅक टाकी आतून धुवायची, म्हणजे फ्लशची, वेगळी जोडणी असेल तर तीच वापरा, पण व्हॉल्व्ह बंद ठेवून नळ चालू केलात तर घड्याळ लावून शेजारीच उभे राहा. विसरलं की पाणी कमोडमधून किंवा छतावरच्या व्हेंटमधून बाहेर येतं, टाकी फुटूही शकते. या नळाची नळी वेगळ्या रंगाची ठेवा, ती पिण्याच्या पाण्याला कधीही लावायची नाही. डंप स्टेशनच्या धुण्याच्या नळाचंही तेच.

ब्लॅक बंद, मग ग्रे उघडा. साबणाचं पाणी होज धुऊन काढतं, क्रम असा असण्याचं कारण हेच. शेवटी ग्रे बंद करून होज ट्रेलरच्या टोकापासून सोडवा, उचलत-उचलत आतलं पाणी तोंडात जाऊ द्या, आणि जमिनीकडचं टोक सर्वांत शेवटी काढा. निघण्याआधी ब्लॅकमध्ये २-३ गॅलन पाणी आणि औषध घालायचं विसरू नका. तळ कोरडा ठेवून पुढच्या मुक्कामाला गेलात की पहिल्याच दिवशी ढिगाऱ्याची सुरुवात होते.

वास आला तर तो कुठे आणि कधी येतो ते बघा. फ्लश करतानाच येत असेल तर छताचा पंखा चालू असतो आणि तो टाकीतली हवा वर ओढतो, पंखा बंद करून फ्लश करा. बाथरूममध्ये कायम येत असेल तर कमोडमधलं पाणी टिकतंय का पाहा. रात्री भरून ठेवलेलं सकाळी गेलं असेल तर गोळ्याचं रबर सील खराब झालंय. आधी त्याच्या कडेला अडकलेला कागद काढा, मग सिलिकॉन लावून बघा, मग सील बदला. सिंकखाली येत असेल तर ट्रॅप, म्हणजे पाणी धरून वास अडवणारा पाइपचा वाकडा भाग, कोरडा पडला असेल, नाहीतर त्याच्या वरचा, पाइपमध्ये हवा आत घेणारा एअर व्हॉल्व्ह गेला असेल. तो हातानेच आटे फिरवून बदलता येतो.

दांडा जड जायला लागला तर जोर लावू नका, वायर किंवा दांडा तुटतो. टाकी रिकामी करून दांड्यावर सिलिकॉन स्प्रे मारा आणि दहा वेळा आत-बाहेर करा. तरीही गळत असेल तर चार बोल्ट काढून अख्खा व्हॉल्व्ह आणि दोन्ही बाजूंची सील बदलता येतात. टाकी आधी नीट धुतलेली असली, की हे तासाभराचं काम आहे. तोवर आउटलेटला आट्याने फिरवून बसणारा जादा व्हॉल्व्ह लावून सहल पुरी करता येते.

थंडीत ट्रेलर उभा करून ठेवताना दोन्ही टाक्या पूर्ण रिकाम्या करा आणि आरव्हीसाठी, म्हणजे अशा राहण्याच्या गाड्या-ट्रेलरसाठी, मिळणारं गुलाबी, प्रॉपिलीन ग्लायकॉलचं अँटीफ्रीझ प्रत्येक ट्रॅपमध्ये कपभर व प्रत्येक टाकीत लिटरभर ओता. गाडीच्या रेडिएटरचं अँटीफ्रीझ बहुधा एथिलीन ग्लायकॉलचं, म्हणजे विषारी असतं, ते वापरू नका. होज धुऊन, दोन्ही टोकांना टोपणं लावून मागच्या बंपरमध्ये किंवा वेगळ्या डब्यात ठेवा, पिण्याच्या पाण्याच्या नळीजवळ नको.