एसी लावला की गाडी तापते, त्यात दोष कुणाचा?

जुन्या ट्रकचा बंद पडलेला एसी दुरुस्त करून घेतला, किंवा मुळात नसलेला एसी नव्याने बसवून घेतला, की थोड्याच दिवसांत एक तक्रार हमखास ऐकू येते : एसी लावला की गाडी तापते. त्यावर मिळणारा सल्लाही ठरलेला असतो, तो म्हणजे चढाला एसी बंद ठेवा. तात्पुरता उपाय म्हणून तो योग्यच आहे, पण निदान म्हणून मला तो कधीच पटला नाही. माझ्या मते एसी इंजिन तापवत नाही. इंजिन थंड ठेवणारी यंत्रणा आधीच कुठेतरी कमी पडत असते आणि एसी ती कमतरता उघडी पाडतो.

थोडा हिशेब मांडून पाहू. १०० किलोवॅट शक्ती देणारे जुने डिझेल इंजिन पूर्ण भारावर चालते, तेव्हा साधारण साठ-सत्तर किलोवॅट उष्णता पाण्यावाटे रेडिएटरकडे जाते. उरलेली बरीचशी धुरावाटे बाहेर पडते. केबिनच्या एसीचा कंडेन्सर, म्हणजे त्याची गरम वायूची पुढची जाळी, जी उष्णता बाहेर टाकतो, ती केबिनमधून उचललेली उष्णता आणि कॉम्प्रेसरला लागलेली शक्ती यांची बेरीज असते आणि ती सात-आठ किलोवॅटच्या आसपास भरते. म्हणजे रेडिएटरच्या कामाच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढी. एवढ्याशा वाढीने जी यंत्रणा कोलमडते, तिच्यात राखीव क्षमता उरलेलीच नव्हती.

अर्थात हा दहावा हिस्सा निरुपद्रवी आहे, असेही नाही. कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो, त्यामुळे त्याने तापवलेली हवाच रेडिएटरच्या वाट्याला येते. रेडिएटर किती उष्णता फेकू शकतो, हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातील फरकावर ठरते. बाहेर ४० अंश आणि पाणी ९५ अंश सेल्सिअस असेल, तर फरक ५५ अंशांचा. कंडेन्सरमधून येताना हवा आठ अंशांनी तापली, तर तो ४७ वर येतो आणि रेडिएटरची क्षमता सुमारे १५ टक्क्यांनी घटते. त्यात कॉम्प्रेसर ओढण्यासाठी इंजिनाला जास्तीचे काम पडते, ते वेगळेच. टर्बो असलेल्या गाडीत या दोहोंच्या जोडीला इंजिनात जाणारी हवा थंड करणारा इंटरकूलरही असतो आणि मग एकाच हवेला तीन जाळ्यांमधून वाट काढावी लागते.

गाडी कधी तापते, हा प्रश्न मी सर्वांत आधी विचारतो, कारण निम्मे निदान त्याच उत्तरात असते. उभ्या गाडीत किंवा रहदारीत रांगताना काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर वेग घेताच उतरतो, असे असेल तर पाण्याचा प्रवाह ठीक आहे आणि हवा कमी पडते आहे. पंखा, त्याचा क्लच आणि पंख्याभोवतीचे कवच तपासावे. याउलट शहरात सगळे ठीक आणि हमरस्त्यावर सलग वेगाने गेले की काटा चढतो, असे असेल तर हवा भरपूर आहे, पण पाणी फिरत नाही. त्यामागे बहुधा आतून क्षार धरलेला रेडिएटर, झिजलेला वॉटर पंप किंवा खालचा होज पाइप असतो. खालचा पाइप पंपाच्या ओढीवर असतो. त्याच्या आतली स्प्रिंग गंजून गेली किंवा पाइप बदलताना घालायची राहिली, तर इंजिनाचा वेग वाढताच तो आत चपटा होतो आणि वेग उतरला की पुन्हा फुगतो, त्यामुळे उभ्या गाडीत वरवर पाहिल्यास काहीच कळत नाही. बॉनेट किंवा केबिन उचलून, दुसऱ्या कुणाला ॲक्सिलरेटर दाबायला सांगून पाइपाकडे पाहत राहिले, तरच हा दोष दिसतो. भरलेल्या गाडीने लांबच्या चढावर तापणे हे मात्र दोन्ही बाजूंचे लक्षण असू शकते, कारण तिथे उष्णता सर्वाधिक आणि वाऱ्याचा वेग सर्वांत कमी असतो.

एसी असलेल्या जुन्या गाडीत सगळ्यांत दुर्लक्षित जागा कोणती, तर कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधली बोट-दोन बोटांची फट. समोरून पाहिले तर कंडेन्सर स्वच्छ दिसतो, पंख्याच्या बाजूने पाहिले तर रेडिएटरही बरा दिसतो, आणि मध्ये मात्र धूळ, किडे, गवताचे तूस, कापसासारखी तंतूमय घाण आणि तेलाचा ओशटपणा यांचा एकजीव थर रेडिएटरच्या तोंडावर गोधडीसारखा पसरलेला असतो. समोरून पाण्याचा फवारा मारला की ही घाण आणखी आत रुतते. कंडेन्सरचे बोल्ट सोडून, गॅसचे पाइप न सोडता, तो जितका पुढे झुकेल तितका झुकवावा आणि पंख्याच्या बाजूने पुढच्या दिशेला, म्हणजे हवा जाते त्याच्या उलट, कमी दाबाचे पाणी सोडावे. थर तेलकट असेल तर आधी सौम्य साबणाचे पाणी मुरू द्यावे. जोराचा फवारा जाळीच्या पातळ पत्र्यांवर तिरका बसला, तर ते दुमडतात आणि हवेची वाट कायमची अडते. नवा रेडिएटर घेण्याआधी हे काम झालेच पाहिजे, असा माझा आग्रह असतो.

पंख्याभोवतीचे कवच अपघातात फुटले म्हणून किंवा बेल्ट बदलताना अडचण होते म्हणून काढून टाकलेले अनेक गाड्यांत आढळते. ते नसेल तर पंखा जाळीतून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूची, इंजिनाने आधीच तापलेली हवा घुसळत बसतो. कवच असलेल्या गाडीतही पात्यांचा साधारण अर्धा भाग त्याच्या आत असावा लागतो. रेडिएटरच्या कडेच्या रबरी पट्ट्या आणि फोम यांचेही तेच : ते गळून गेले की मागची गरम हवा फटींतून पुन्हा पुढे येते. या पट्ट्यांची आठवण सहसा कुणालाच राहत नाही.

सिलिकॉन द्रव भरलेल्या क्लचवर चालणारा पंखा असेल, तर त्याची परीक्षा सोपी आहे. गाडी चांगली तापलेली असताना इंजिन बंद करून पंखा हाताने ढकलावा. तो जड लागला पाहिजे. सैल सुटून दोन-चार फेरे मारत असेल, किंवा मध्यभागी तेलकट धुळीच्या रेषा असतील, तर द्रव गळून गेला आहे आणि क्लच बदलावा लागेल.

थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, काढून टाकण्याची चाल तर इतकी रूढ आहे, की गाडी तापली की तो आधी काढतात आणि मग विचार करतात. बऱ्याच जुन्या डिझेल इंजिनांतला थर्मोस्टॅट ८२ अंशांच्या आसपास उघडू लागतो. अनेक इंजिनांत तो दुहेरी काम करतो : उघडताना रेडिएटरची वाट मोकळी करतो आणि त्याच वेळी पाण्याला इंजिनातल्या इंजिनात फिरवणारी आडवाट बंद करतो. तो काढला की ही आडवाट कायम उघडी राहते, पाण्याचा बराच हिस्सा रेडिएटरकडे न जाताच परत फिरतो आणि भाराखाली गाडी उलट जास्त तापते. कमी भारावर आणि थंड हवेत इंजिन तापमानाला पोहोचतच नाही, इंधन पुरते जळत नाही, न जळलेले डिझेल तेलात उतरते आणि लायनरची, म्हणजे पिस्टन ज्यात चालतो त्या नळकांड्याची, झीज वाढते. संशय असेल तर थर्मोस्टॅट काढून पातेल्यातल्या पाण्यात तापमापकाबरोबर टांगून पाहावा. वेळेवर उघडला आणि पुरता उघडला तर परत बसवावा, नाही तर त्याच अंशांचा नवा घ्यावा.

रेडिएटरच्या झाकणाकडे केवळ झाकण म्हणून पाहिले जाते, पण ते दाब धरणारा व्हॉल्व्ह आहे. समुद्रसपाटीला साधे पाणी १०० अंशांना उकळते. झाकणाने एक बार, म्हणजे साधारण वातावरणाएवढा जादा दाब धरला तर ते १२० अंशांपर्यंत उकळत नाही. अर्ध्या बारच्या जुन्या झाकणावर ही मर्यादा १११-११२ अंशांवर येते, आणि रबर कडक झालेल्या झाकणावर तर १०० च्या जवळ. निम्मे पाणी आणि निम्मे इथिलीन ग्लायकॉल, म्हणजे कूलंटमधला मुख्य द्रव, यांचे मिश्रण एक बार दाबाखाली सुमारे १२९ अंशांपर्यंत टिकते. मात्र ग्लायकॉल जितके जास्त तितका थंडावा जास्त, हा समज चुकीचा आहे. उष्णता वाहून नेण्यात पाणीच सरस आहे, आणि प्रमाण निम्म्याच्या फार पुढे नेल्यास इंजिन अधिक तापते.

मग साधे पाणीच का नको? नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत साचतात, हे एक कारण. दुसरे कारण मोठ्या डिझेल इंजिनांच्या ओल्या, म्हणजे बाहेरून थेट पाण्यात असलेल्या, लायनरचे आहे. ज्वलनाच्या धक्क्याने लायनर थरथरतो, त्याच्या बाहेरच्या अंगाला पाण्यात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात, आणि प्रत्येक बुडबुडा धातूचा कण उखडतो. पुरेसे चालल्यावर लायनरला आरपार छिद्र पडते आणि पाणी तेलात उतरते. डिझेलसाठी बनवलेल्या कूलंटमधली रसायने लायनरवर संरक्षक पापुद्रा धरतात. ती कालांतराने संपतात, म्हणून कूलंटचा रंग चांगला दिसतो एवढ्यावर समाधान मानू नये. वेगवेगळ्या जातींची कूलंट एकमेकांत मिसळणेही टाळावे.

आता एसीकडे. ओझोनचा थर वाचवण्यासाठी झालेल्या १९८७ च्या माँट्रियल करारानंतर एसीतला जुना आर-१२ वायू टप्प्याटप्प्याने बाद झाला आणि १९९० च्या दशकात वाहनांत आर-१३४ए आला. आर-१२ साठी बांधलेल्या जुन्या एसीत नुसता नवा वायू भरला, तर तो थंड करतो खरा, पण फार दिवस टिकत नाही. जुने खनिज तेल नव्या वायूबरोबर नीट मिसळून फिरत नाही, त्यामुळे कॉम्प्रेसर कोरडा पडतो; तेल बदलावेच लागते. नवा वायू जुन्या रबरी पाइपांतून अधिक सहज झिरपतो, म्हणून पाइप, सांध्यांतल्या रबरी ओ-रिंगा आणि वायूतला ओलावा शोषणारा ड्रायर बदलणे इष्ट. शिवाय कडक उन्हात, कंडेन्सर बराच तापलेला असताना, आर-१३४ए चा दाब आर-१२ पेक्षा वर जातो. जुना जाड नळ्यांचा कंडेन्सर तिथे अपुरा पडतो. चपट्या समांतर नळ्यांचा नवा कंडेन्सर तेवढ्याच जागेत जास्त काम करतो. वायूही मूळ मापाच्या ८० ते ९० टक्केच भरावा.

गारवा कमी वाटला की गॅस भरायचा, ही सवय इथे घातक ठरते. एसीचा गॅस वापरून संपत नाही. कमी झाला तर तो गळलेला असतो. आणि कमी झालेला नसताना भरला, तर दाब चढतो, कॉम्प्रेसर जड होतो, कंडेन्सर अधिक तापतो आणि हा सगळा ताप रेडिएटरवर येऊन पडतो. स्वस्त म्हणून मिळणारे ज्वलनशील वायूंचे मिश्रण तर केबिनमध्ये गळण्याची शक्यता असलेल्या यंत्रणेत कधीच भरू नये.

गारवा कमी वाटण्यामागे पुष्कळदा गॅसचा संबंधच नसतो. हीटरचा पाण्याचा कॉक जुना झाला की पुरता मिटत नाही, आणि एकाच पेटीत कूलिंग कॉइलने थंड केलेली हवा शेजारच्या हीटरच्या जाळीवर परत तापते. कॉक बंद असूनही हीटरला जाणारे दोन्ही पाइप हाताला गरम लागत असतील तर कॉक गळतो आहे, हे उघड आहे. इंजिनावर केबिन असलेल्या गाडीत इंजिनाच्या झाकणाखालचे उष्णतारोधक आवरण झडून गेलेले असते, तेही नव्याने लावावे. एसीवरचा भार त्याने खरोखर हलका होतो.

चढावर काटा तांबड्याकडे सरकू लागला, तर एसी बंद करून हीटर पूर्ण उघडावा, कारण हीटरची जाळी हा एक छोटा रेडिएटरच आहे. एक गिअर खाली घ्यावा, म्हणजे पंप आणि पंखा जोरात फिरतात, आणि ॲक्सिलरेटर सैल सोडावा. तरीही काटा उतरला नाही, तर गाडी बाजूला घ्यावी. पाणी जागेवर असेल तर इंजिन थोडा वेळ संथ चालू ठेवावे. वाफ किंवा गळती दिसत असेल तर तात्काळ बंद करावे. झाकण गरम असताना उघडू नये. काटा एकाएकी खाली आला, तर मात्र सुटलो असे समजू नये : सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तोवरच खरे तापमान दाखवतो, आणि पाणी निघून गेले की तो कोरड्या पोकळीत राहतो आणि इंजिन भाजत असतानाही काटा थंड दाखवू शकतो.