डिपरवरचे साठ आणि उसाची ट्रॉली

गाळप हंगाम सुरू झाला की पुणे–कोल्हापूर हायवेवर, आणि त्याहून जास्त कराड, वाळवा, कागल भागात त्याला येऊन मिळणाऱ्या रस्त्यांवर, रात्री गाडी चालवणाऱ्याला एक गणित पाठ असायला हवं. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर ताशी २० किलोमीटरने चाललाय आणि तुम्ही मागून ८० ने येताय. मधलं अंतर सेकंदाला साधारण १७ मीटरने कमी होतंय. साध्या हॅलोजन दिव्याच्या डिपरमध्ये, म्हणजे जवळ खाली पडणाऱ्या प्रकाशात, रिफ्लेक्टर नसलेली, धुळीने माखलेली वस्तू ४०-५० मीटरवर नीट ओळखू येते. दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरा: २५ मीटर गेले. ८० वरून २० वर यायला कोरड्या डांबरावर आणखी वीसेक मीटर. एकूण ४५. म्हणजे सगळं वेळेवर आणि बरोबर केलंत, तरी बॉनेट ट्रॉलीच्या मागच्या फळीला टेकायच्या बेतात.

हाच हिशेब ६० च्या वेगाने मांडला तर २५-२६ मीटरमध्ये काम होतं. वेग पावपट कमी केला आणि लागणारं अंतर जवळपास निम्मं झालं. म्हणून समोरून गाड्या येत असताना, म्हणजे अप्पर (लांब पडणारा प्रकाश) लावता येत नसताना, साध्या दुपदरी रस्त्यावर ६० च्या वर जायचं नाही. ट्रॅक्टरऐवजी बंद पडलेला ट्रक असेल तर ८० वरून थांबायला ७० मीटर लागतात, आणि डिपरमध्ये तेवढं दिसतच नाही. ६० वरून ४५ मीटर लागतात, जेमतेम पुरतात. एलईडी दिवे असले तर थोडी सवलत मिळते, पण समोरच्या गाडीच्या झगमगाटात ती लगेच संपते.

ट्रॉलीच्या मागे लाल दिवा का नसतो, हा प्रश्न दरवर्षी विचारला जातो. ट्रॉल्या बदलत राहतात, वायरचा जोड तुटतो आणि हंगाम संपेपर्यंत कोणी तो जोडत नाही. हंगामाच्या सुरुवातीला कारखाने आणि पोलीस रिफ्लेक्टर लावतात, लाल कापडं बांधतात. पण वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, खाली लोंबतं आणि नेमकं त्यावरच येतं. त्यामुळे लाल ठिपका शोधू नका, दुसऱ्या खुणा शोधा. समोरून येणाऱ्या गाडीचा प्रकाश मध्येच कशाने तरी अडला, तर पुढे काहीतरी आहे. रस्त्यावर उसाची टिपरं आणि पाचट पडलेलं दिसलं, तर पुढच्या दोन-चार किलोमीटरमध्ये ट्रॉली भेटणार. कारखान्याची कमान आली की वजनकाट्याची रांग कडेला उभी असणार आणि त्या रांगेतून माणसं रस्ता ओलांडणार.

ट्रॅक्टर गाठल्यावरही घाई नको. दोन ट्रॉल्यांत मिळून वीसेक टन ऊस असतो आणि ट्रॉलीला स्वतःचे चालू ब्रेक बहुधा नसतात. ट्रॅक्टरने ब्रेक मारला की मागचं वजन त्यालाच ढकलतं आणि सगळी माळ मधोमध मुडपते. चढावर पुढची चाकं उचलली जातात, कधी ट्रॅक्टर मागेही सरकतो. चढावर २० मीटर मागे राहा आणि ट्रॉलीच्या बाजूने उभं राहणं टाळा, कारण मोळ्या घसरतात त्या बाजूलाच. हॉर्नच्या भरवशावर तर अजिबात राहू नका. ट्रॅक्टरवर जो साउंड लावलेला असतो त्यापुढे तुमचा हॉर्न चालकाला ऐकू जाईल असं मानणं भाबडेपणा आहे. रात्री अप्पर-डिपर दोनदा मारा, ट्रॅक्टर डावीकडे सरकल्याचं दिसू द्या, मगच पुढे जा. उजवीकडे शेताचा रस्ता, पंप किंवा कारखान्याचं गेट दिसत असेल तर थांबाच. इंडिकेटर न देता उजवीकडे वळणारा ट्रॅक्टर आणि त्याच क्षणी त्याला ओलांडणारी मोटारसायकल, ही इथली ठरलेली टक्कर आहे.

ट्रकचं गणित वेगळं, कारण तो तुमच्या वेगाच्या जवळपास चालतो आणि ओव्हरटेक लांबत जातं. दुपदरी रस्त्यावर ५० ने चाललेल्या १२ मीटर लांबीच्या ट्रकला तुम्ही ७० ने ओलांडताय. मागचं अंतर, ट्रकची लांबी, पुढे सोडायची जागा आणि तुमची गाडी मिळून ६० मीटर जादा कापायचे. फरक सेकंदाला साडेपाच मीटरचा, म्हणजे ११ सेकंद. तेवढ्यात तुम्ही २१० मीटर पुढे जाता आणि समोरचाही ७० ने तेवढंच जवळ येतो. सव्वाचारशे मीटर रस्ता रिकामा दिसायला हवा. वळणावर, पुलाच्या चढावर किंवा झाडीत तो दिसत नाही, म्हणजे ओव्हरटेक नाही. बहुतेक जण इथे एक चूक करतात: ट्रकच्या शेपटीला चिकटून संधी शोधतात. चिकटल्यावर पुढचं काही दिसत नाही, डोकावायला अर्धी गाडी उजव्या पट्ट्यात काढावी लागते आणि ट्रकपेक्षा जादा वेग शून्यापासून जमवावा लागतो. २०-२५ मीटर मागे राहिलं तर ट्रकच्या दोन्ही बाजूंनी रस्ता दिसतो आणि वेग आधीच धरता येतो. ओलांडून झाल्यावर आतल्या आरशात ट्रकचे दोन्ही हेडलाइट दिसेपर्यंत डावीकडे यायचं नाही.

ट्रकचा उजवा इंडिकेटर हा आपल्याकडचा सगळ्यात घातक इशारा. कोणाच्या लेखी त्याचा अर्थ ‘जा पुढे’, कोणाच्या लेखी ‘थांब, समोरून गाडी आहे’, आणि कधी तो खरंच उजवीकडे वळत असतो. दुसऱ्याच्या परवानगीवर ओव्हरटेक करू नये. उजवा दिवा लुकलुकला की तो वळणार असंच धरा. ट्रकच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला महाराष्ट्रात २०१५ मध्ये बंदी आली, पण हॉर्न दिला म्हणजे वाट मिळाली हा समज काही पुसला गेलेला नाही.

ट्रकवाल्याला काय दिसत नाही हे एकदा केबिनमध्ये बसून पाहिलं तर कायमचं कळतं. नाकासमोरचे दोन-तीन मीटर दिसत नाहीत. मागे फाळका आणि माल, त्यामुळे आतला आरसा निरुपयोगी. चालक उजवीकडे बसतो, म्हणून डावी बाजू सगळ्यात आंधळी: दरवाज्यापासून मागच्या चाकांपर्यंत आणि बाजूला पूर्ण एक लेन. पूर्वी ही बाजू क्लिनर सांभाळायचा, खिडकीबाहेर हात काढून थोपवायचा. आता कितीतरी ट्रक क्लिनरशिवाय चालतात. त्याच्या आरशात तुम्हाला त्याचा चेहरा दिसत नसेल तर त्याच्यासाठी तुम्ही तिथे नाही आहात.

आणि तरी हायवेवर डावीकडून ओव्हरटेक रोज होतं, कारण ट्रक उजव्या लेनमध्ये ठाण मांडून असतात. कायदा उजवीकडून जायला सांगतो. रस्त्यावरची परिस्थिती वेगळी आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. आधी अप्पर मारा, हॉर्न द्या, दहा-पंधरा सेकंद वाट पाहा. नाहीच सरकला आणि डावीकडून गेलातच, तर सर्व्हिस रोडच्या तोंडाशी, हॉटेलसमोर आणि वळणावर नाही, आणि बाजूने रेंगाळायचं नाही. रेंगाळू नये याला दुसरंही कारण आहे. ट्रकच्या मागच्या चाकांना पुष्कळदा रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवा पट्टा चढवलेले, टायर असतात. उन्हाळ्यात जास्त माल आणि कमी हवा असली की वरचा पट्टा सुटतो, आणि तो पट्टा शेजारच्या गाडीची काच सहज फोडतो.

दुचाकीवाल्यांसाठी सगळ्यात जीवघेणी जागा सिग्नलला, कंटेनर आणि फुटपाथच्या मध्ये असते. चाळीस फुटी कंटेनरला डावीकडे वळायचं असलं की तो आधी उजवीकडे जातो. डावीकडे मोकळी जागा तयार होते, स्कूटर तिथे शिरते, आणि मग ट्रेलरची मागची चाकं पुढच्या चाकांच्या मार्गाने न येता आतल्या बाजूने कापत येतात. फटीत शिरण्याआधी त्याची पुढची चाकं बघा. वाहन वळण्याआधी चाक वळतं, आणि ही खूण इंडिकेटरसारखी बंद पडत नाही. थांबायचंच असेल तर त्याच्या पूर्ण मागे थांबा, नाहीतर इतकं पुढे की वळून पाहिल्यावर चालकाचा चेहरा दिसेल. हायवेवर उंच कंटेनर ओलांडताना दुचाकी आधी त्याच्याकडे ओढली जाते आणि केबिन मागे पडताक्षणी वारा बाहेर ढकलतो. दीड मीटर अंतर ठेवा, हँडल घट्ट आवळू नका.

एसटीचं थोडक्यात. फाट्यावर उभ्या एसटीच्या पुढून माणूस येणार हे गृहीत धरायचं, २०-३० च्या वेगाने आणि शक्य तेवढं लांबून जायचं. डबल बेल झाली की ती निघते आणि उजवीकडे येते. वळताना तिची शेपटी उलट्या बाजूला फेकली जाते, म्हणून वळणाऱ्या बसच्या मागच्या कोपऱ्याशी उभं राहायचं नाही.

उताराला मात्र वेळ द्यायला हवा. नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडून नवले पुलाकडे उतरणारा रस्ता पुणेकरांना सांगायला नको. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एकाच अवजड वाहनाने एकामागून एक कितीतरी गाड्या ठोकल्या. ‘ब्रेक फेल’ हा शब्द बातम्यांत येतो तेव्हा बहुतेकदा ब्रेकचा एखादा भाग तुटलेला नसतो. दहाचाकी भरलेली गाडी कायद्यानेच साडेअठ्ठावीस टनांपर्यंत असते. डिझेल वाचवायला चालक उतारावर न्यूट्रल करतो. गिअर सुटला की इंजिनाचा अटकाव जातो, इंजिनाचा धूर अडवून वेग रोखणारा एक्झॉस्ट ब्रेकही कामाचा राहत नाही, आणि सगळं वजन लायनरवर, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्यांवर, येतं. ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड जाते, पेडल पूर्ण दाबलं तरी गाडी खेचतच राहते. कोणी इंजिनच बंद केलं तर ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो, प्रत्येक ब्रेकला टाकीतली हवा कमी होते आणि स्टिअरिंग जड होतं. नंतर गिअर टाकायला जावं तर तो त्या वेगात पडत नाही.

तुमच्या हातात काय आहे? उतारावर ट्रकच्या पुढे घुसू नका. त्याने सोडलेली जागा हे त्याचं ब्रेकचं अंतर असतं. सपाट कोरड्या रस्त्यावर ८० वरून कार ७० मीटरमध्ये थांबते तिथे भरलेल्या ट्रकला शंभरेक लागतात, कारण हवेचे ब्रेक लागायलाच अर्धा सेकंद जातो, उतारावर आणखी. लायनर जळल्याचा उग्र वास आला किंवा चाकांतून धूर दिसला तर त्याच्या पुढची लेन लगेच सोडा. पुढे रांग थांबलेली दिसली की लांबूनच हॅझर्ड (चारही इंडिकेटर एकदम) लावा, टप्प्याटप्प्याने वेग कमी करा, पुढच्या गाडीपासून दोन गाड्यांची जागा सोडून थांबा आणि मागून तीन-चार गाड्या थांबेपर्यंत नजर आरशात ठेवा. शक्यतो कडेची लेन घ्या. मधल्या लेनमधून निसटायला वाट नसते. तुमची कारही उतारावर ज्या गिअरमध्ये चढली असती त्याच गिअरमध्ये उतरवा.

पावसात ट्रकच्या चाकांमागे पाण्याचा पडदा असतो. त्यात शिरण्याआधी वायपर पूर्ण वेगाने लावा, शिरल्यावर नाही. काच एकदा आंधळी झाली की दोन सेकंद जातात, आणि ८० ला दोन सेकंद म्हणजे ४४ मीटर.

उभ्या ट्रकला मागून धडक इतकी वाईट का, तर ट्रकचा साटा, म्हणजे माल भरायचा सांगाडा, कारच्या बॉनेटच्या वर असतो. मागचा आडवा लोखंडी बार तुटका, वाकलेला किंवा नसलेलाच असेल तर बॉनेट खाली शिरतं आणि साटा थेट काचेवर येतो. कारचा चुरगळण्यासाठी बनवलेला पुढचा भाग वापरलाच जात नाही. एअरबॅग असून नसल्यासारखी. समृद्धीसारख्या रस्त्यावर, जिथे कार १२० ने जाऊ शकते, ट्रक उभे असतात त्या कडेच्या पट्ट्यात चालणं किंवा डुलकीत त्यात सरकणं म्हणूनच इतकं महाग पडतं.

तुमची स्वतःची गाडी बंद पडली तर उभा ट्रक तुम्हीच असता. पंक्चर असेल तरी रुंद जागा मिळेपर्यंत १०-१५ च्या वेगाने रिमवर चालवा. टायर आणि रिम पैशांनी परत मिळतात. गाडी पूर्ण डावीकडे, हॅझर्ड चालू, सगळ्यांनी डाव्या दरवाज्याने उतरायचं आणि लोखंडी कठड्यापलीकडे, गाडीच्या मागच्या दिशेला जाऊन उभं राहायचं, म्हणजे कोणी धडकलं तर गाडी तुमच्या अंगावर येणार नाही. इशाऱ्याचा चकाकणारा त्रिकोण शंभर पावलं मागे ठेवा, जाताना तो छातीसमोर धरून कठड्याच्या बाहेरून चाला. दगड ठेवू नका. ठेवलेच असतील तर निघताना उचला. राष्ट्रीय महामार्गावर मदतीला १०३३, अपघात असेल तर ११२ किंवा १०८. फोनवर किलोमीटरच्या दगडावरचा आकडा आणि कोणत्या गावाकडे जाणारी बाजू, हे दोन्ही सांगा.